सुरतेची साडी, दुकानाची भिंत आणि डीएसएलआरची लेन्स

म्हापसा किंवा मडगावच्या दुकानांत मांडलेल्या जॉर्जेट, शिफॉन आणि क्रेपच्या साड्यांचा माग काढत गेले, तर तो बहुधा सुरतेच्या रिंग रोडवरील कापडबाजारात जाऊन पोहोचतो. पूर्वी व्यापारी रेल्वेने सुरत गाठत असे. गादीवर बसून तो साडी उलगडायला लावी, पोत बोटांनी चाचपी आणि मगच भाव बोले. आता त्या व्यवहाराचा मोठा भाग मोबाईलवर येणाऱ्या मिनिट-दीड मिनिटाच्या व्हिडिओवर ठरतो. छायाचित्रात साडीचा रंग आणि नक्षी दिसते. पण कापड अंगावर कसे पडते, चालताना निऱ्या कशा उघडतात, पदराला वजन आहे की तो नुसताच फुलतो, हे कळायला कापड हलावे लागते. व्हिडिओने चुकीचे दाखवले तर माल परत येतो आणि त्या नुकसानीचा वाद अखेर चित्रीकरण करणाऱ्याच्या दारात पोहोचतो.

अशा चित्रीकरणासाठी अनेक जण आजही डीएसएलआर कॅमेरा वापरतात. गोव्यात लग्ने, नाटके, जत्रा चित्रित करणाऱ्यांकडेही तोच कॅमेरा असतो आणि प्रश्नही तोच असतो, लेन्स कोणती घ्यावी? उत्तर म्हणून सहसा एखाद्या महागड्या लेन्सचे नाव सांगितले जाते. वास्तविक ते उत्तर तीन साध्या गोष्टींत दडलेले असते. उभे राहायला जागा किती, प्रकाश किती आणि चौकटीत नेमके काय हलणार. सुरतेच्या कापडाचे काम या तिन्ही बाबतींत कठीण आहे, म्हणूनच लेन्सची पारख शिकायला ते उदाहरण उपयोगी पडते.

डीएसएलआरवर व्हिडिओ ही गोष्ट तशी अलीकडची. २००८ साली निकॉनचा डी९० हा व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर आला आणि त्याच वर्षी कॅननच्या ५डी मार्क २ ने पूर्ण एचडी चित्रीकरण छायाचित्रकाराच्या हाती दिले. आपल्याकडे अमोल गुप्ते यांचा २०११ मधील ‘स्टॅनली का डब्बा’ हा चित्रपट कॅननच्या ७डी या डीएसएलआरवर चित्रित झाला. छायालेखन अमोल गोळे यांचे होते. मोठ्या सेन्सरमुळे मिळणारी धूसर पार्श्वभूमी आणि बदलता येणाऱ्या लेन्स, या दोन गोष्टींसाठी लोक या कॅमेऱ्याकडे वळले. मात्र त्यासोबत आलेल्या लेन्स मुळात स्थिरचित्रासाठी घडवलेल्या होत्या. त्या चालत्या चित्राला कुठे अपुऱ्या पडतात, हे ओळखणे म्हणजेच लेन्सची निवड.

प्रथम जागेचा विचार करू, कारण लेन्स विकत घेताना सर्वांत जास्त चुका येथेच होतात.

समजा, दुकानाच्या आतली खोली पंधरा फूट लांब आहे, म्हणजे सुमारे साडेचार मीटर. साडी नेसलेली मॉडेल भिंतीला चिकटून उभी राहिली तर सावली पडते, म्हणून तिला पाऊण मीटर पुढे घ्यावे लागते. तिपाई आणि तिच्यामागे उभा माणूस आणखी पाऊण मीटर खातो. उरले तीन मीटर. या तीन मीटरांतून डोक्यापासून पायापर्यंत, वर-खाली थोडी मोकळीक ठेवून, दोन मीटर उंचीची चौकट हवी आहे. हिशेब सोपा आहे. सेन्सरच्या उंचीला अंतराने गुणावे आणि चौकटीच्या प्रत्यक्ष उंचीने भागावे. कॅननच्या एपीएस-सी सेन्सरची रुंदी २२.३ मिमी असते आणि १६:९ या आकारात व्हिडिओ घेताना त्याची साधारण १२.५ मिमी उंची वापरली जाते. म्हणून १२.५ गुणिले ३ भागिले २, उत्तर जवळपास १९ मिमी. या खोलीत आडव्या चौकटीसाठी १९ मिमीच्या आसपासची फोकल लेंग्थ, म्हणजे नाभीय अंतर, लागेल. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर हेच उत्तर ३० मिमी येते.

आता याच खोलीत, ‘व्हिडिओला हीच घ्या’ म्हणून सर्रास सुचवली जाणारी ५० मिमीची लेन्स लावून पाहा. तीन मीटरवरून तिला आडव्या चौकटीत फक्त ७५ सेंटीमीटर उंचीचा भाग दिसतो. खांदे, पदराचा थोडा तुकडा आणि बस. पूर्ण साडीसाठी आठ मीटर मागे जावे लागेल, म्हणजे दुकानाबाहेर, मार्केटच्या जिन्यापर्यंत. लेन्स उत्तमच आहे. फक्त ती या खोलीसाठी नाही.

मोबाईलसाठी उभा व्हिडिओ करायचा असेल तर गणित पालटते. कॅमेरा उभा धरला की सेन्सरची २२.३ मिमीची बाजू उंची होते आणि त्याच तीन मीटरांत ३३ मिमी पुरते. ३५ मिमीची साधी लेन्स मग त्या खोलीत चपखल बसते. चौकट उभी की आडवी, हे खरेदीच्या आधी ठरवावे लागते ते यासाठी.

येथे एक खाचखळगा आहे आणि त्यात पाय अडकलेले पुष्कळ आहेत. काही डीएसएलआर ४के व्हिडिओ घेताना पूर्ण सेन्सर न वापरता मधलाच भाग वापरतात. कॅननच्या ५डी मार्क ४ मध्ये त्यामुळे चित्र जवळपास पावणेदोन पट आत ओढले जाते. २००डी मार्क २ मध्ये सेन्सर मुळातच लहान असल्याने फुल-फ्रेमच्या तुलनेत हा आकडा सुमारे अडीच पटीवर जातो. १८ मिमीची रुंद लेन्स अशा वेळी ४५ मिमीसारखी वागते. खोकडीवर ‘४के’ लिहिलेले असते, हे लिहिलेले नसते. जागा अरुंद असेल तर पूर्ण एचडीमध्येच चित्रीकरण करावे किंवा १० ते १८ मिमीची लेन्स घ्यावी.

रुंद लेन्सने जागेचा प्रश्न सुटतो, पण कापडाचा बिघडतो. १८ मिमीने जवळून घेतलेली मॉडेल कडेला सरकली की ताणली जाते. साडीचा काठ खाली पसरट दिसतो आणि वरच्या बाजूस निमुळता. तीन इंची काठ चार इंची वाटला, तर ग्राहक दुकानदारालाच खोटे ठरवणार. यावर उपाय एकच, तो म्हणजे कॅमेरा कमरेच्या उंचीवर, सरळ, न झुकवता ठेवणे आणि मॉडेलला चौकटीच्या मध्यभागी ठेवणे. लांब फोकल लेंग्थ परवडेल एवढी जागा असेल तर कापडासाठी मी नेहमी तीच पसंत करीन. ८५ मिमीच्या आसपास निऱ्यांच्या रेषा सरळ राहतात आणि प्रमाण खरे दिसते.

आता प्रकाश. स्थिरचित्रात शटरचा वेग हवा तसा बदलता येतो. व्हिडिओत ती मोकळीक जवळजवळ नसते. सेकंदाला २५ चौकटी घेत असू तर शटर १/५० वर ठेवण्याचा प्रघात आहे, कारण त्यामुळे हालचाल डोळ्याला स्वाभाविक वाटते. भारतात त्याला दुसरे भक्कम कारणही आहे. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने बहुतेक साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० असेल तर ते लुकलुकणे चित्रात उतरत नाही. १/६० ठेवले की चित्रावर काळसर पट्टे सरकू लागतात. लग्नाच्या हॉलमधील व्हिडिओत दिसणारे असे पट्टे हा पुष्कळदा लेन्सचा वा कॅमेऱ्याचा दोष नसतो, तर सेकंदाला ३० चौकटींवर ठेवलेल्या मांडणीचा असतो.

शटर असे बांधले गेल्यावर प्रकाशाचा भार लेन्सच्या छिद्रावर, म्हणजे अॅपर्चरवर येतो. त्याचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिमीची लेन्स रुंद बाजूस एफ/३.५ आणि लांब बाजूस एफ/५.६ असते. दृश्य चालू असताना झूम केले तर चित्र डोळ्यांदेखत अंधारते. म्हणून व्हिडिओसाठी झूम घ्यायची तर सर्वत्र एफ/२.८ किंवा एफ/४ अशी स्थिर छिद्राची घ्यावी, नाहीतर चालू दृश्यात झूम करण्याचा मोह टाळावा. एफ/१.८ ची स्वस्त प्राइम, म्हणजे एकाच फोकल लेंग्थची लेन्स, एफ/५.६ च्या तुलनेत जवळपास दहापट प्रकाश आत घेते. देवळातला दिवजोत्सव, जिथे प्रकाश मुख्यतः दिव्यांचाच असतो, अशा लेन्सशिवाय टिपणे अवघड.

पण साडीच्या चित्रीकरणात हीच एफ/१.८ वैरीण ठरते. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स तीन मीटरवर एफ/१.८ ला ठेवली तर स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी पंचवीस सेंटीमीटरच्या आसपास असते. मॉडेलने हात पुढे करून पदर पसरला की तो अर्धा मीटर पुढे येतो आणि नेमका ज्याच्यासाठी व्हिडिओ केला, तो पदरच धूसर होतो. एफ/४ वर हा पट्टा पंचावन्न सेंटीमीटरपर्यंत रुंदावतो. कापडासाठी एफ/४ ते एफ/५.६ हेच योग्य छिद्र आहे. त्यासाठी लागणारा प्रकाश लेन्सकडून मिळवण्याऐवजी दिव्यांकडून मिळवावा आणि लेन्सवरचे पैसे वाचवून चांगले एलईडी दिवे घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. धूसर पार्श्वभूमीची हौस नवरा-नवरीच्या व्हिडिओत भागवता येते.

उघड्यावर नेमकी उलटी अडचण येते. डुमसच्या किनाऱ्यावर किंवा मिरामारला भर दुपारी आयएसओ १००, शटर १/५० आणि छिद्र एफ/२.८ ठेवले, तर योग्य प्रकाशाच्या सुमारे ६४ पट प्रकाश आत येईल. तो अडवायला एनडी फिल्टर, म्हणजे रंग न बदलता प्रकाश कमी करणारी करडी काच, लागते. वेगवेगळ्या लेन्सच्या तोंडाचा व्यास वेगवेगळा असतो. प्रत्येकीसाठी फिल्टर घेण्यापेक्षा सर्वांत मोठ्या व्यासाचा एकच घ्यावा आणि लहान लेन्सना जोडकडी लावावी. फिरवून गडद करता येणारा एनडी सोयीचा खरा, पण रुंद लेन्सवर तो फार गडद केला की चित्रावर काळी फुली उमटते.

कापडाचे चित्रीकरण करणाऱ्याचा खरा शत्रू मात्र वेगळाच आहे. बारीक विणीच्या साडीवर अचानक इंद्रधनुषी लाटा नाचू लागतात; मॉडेल हलली की त्या सरकतात. याला मॉइरे म्हणतात. त्याचे कारण समजून घेतले तर लेन्सकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. ५डी मार्क २ च्या सेन्सरवर ५६१६ गुणिले ३७४४ बिंदू आहेत आणि पूर्ण एचडी व्हिडिओला उंचीत फक्त १०८० ओळी लागतात. एवढे सगळे बिंदू सेकंदाला पंचवीस वेळा वाचणे त्या काळच्या कॅमेऱ्यांना जमत नव्हते. म्हणून ते मधल्या ओळी गाळून उरलेल्या वाचत. साडीची वीण हीसुद्धा ओळींचीच रचना. दोन जाळ्या एकमेकींवर ठेवल्या की तिसरीच नक्षी दिसते, तसे येथे घडते. २०१२ च्या ५डी मार्क ३ मध्ये हा दोष बराच आटोक्यात आला, पण सुरुवातीच्या अनेक स्वस्त डीएसएलआरमध्ये तो ठळकपणे आहे.

येथे लेन्सची नेहमीची किंमत उलटी होते. लेन्स जितकी तीक्ष्ण, तितके वीणीचे बारकावे सेन्सरपर्यंत पोहोचतात आणि तितके मॉइरे वाढते. महागडी लेन्स घेऊनही व्हिडिओ खराब का, या कोड्याचे उत्तर येथे सापडते. उपायांना पैसा लागत नाही. कॅमेरा एखादे पाऊल पुढे-मागे करावा, झूम किंचित बदलावे किंवा कापडाचा कोन जरासा फिरवावा, म्हणजे वीण आणि सेन्सरच्या ओळी यांचा मेळ तुटतो. फोकस वीणीऐवजी बुट्ट्यावर किंवा काठाच्या भरतकामावर धरला तर वीण मवाळ होते. वीणच दाखवायची असेल तर दुरून दाखवू नये. इतके जवळ जावे की प्रत्येक धागा चौकटीत सुटा दिसेल. तपासणी करताना व्हिडिओ पूर्ण आकारात पाहावा, कारण लहान पडद्यावर चित्र आक्रसतानाही अशा लाटा उमटतात आणि दोष कॅमेऱ्याचा की पडद्याचा, हे कळत नाही.

जवळ जाण्याच्या कामासाठी मॅक्रो लेन्स लागते. सुरतेच्या जरीकामाला भौगोलिक मानांकन आहे. जरीचा धागा म्हणजे रेशमी वा सुती गाभ्याभोवती गुंडाळलेली धातूची बारीक पट्टी. ती वळते तशी चमकते आणि ती चमक व्हिडिओतच कळते. कॅननची ३५ मिमी एफ/२.८ मॅक्रो ही लेन्स येथे दुहेरी कामाची आहे. उभ्या चौकटीत ती पूर्ण साडी टिपते आणि जवळ नेली की जरीचा धागाही. तिच्या तोंडाशी छोटा दिवाही बसवलेला आहे. एवढा खर्च नको असेल तर ५० मिमीच्या मागे एक्सटेन्शन ट्यूब, म्हणजे पोकळ कडे, लावून काम भागते.

सुरतेचा दुसरा जगप्रसिद्ध धंदा हिऱ्यांना पैलू पाडण्याचा. कापडानंतर हिऱ्याचे चित्रीकरण सोपे वाटेल, कारण हिरा जागचा हलत नाही. प्रत्यक्षात ते अधिक कठीण. एक कॅरटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिमी व्यासाचा आणि जवळपास चार मिमी खोल असतो. मूळ आकाराइतकी प्रतिमा सेन्सरवर पाडणाऱ्या मॅक्रो लेन्सने तो एपीएस-सी चौकटीची निम्मी उंची व्यापतो. पण एफ/८ वरही स्पष्ट पट्टा एका मिलिमीटरहून कमीच राहतो. वरचा पैलू स्पष्ट तर कडा धूसर. स्थिरचित्रात वेगवेगळ्या फोकसची छायाचित्रे जोडून ही उणीव भरता येते. फिरत्या हिऱ्याच्या व्हिडिओत ती सोय नाही. शिवाय इतक्या जवळून लेन्स मूळच्या चौथाई एवढाच प्रकाश आत पोहोचवते. अशा कामाला ३५ मिमीपेक्षा १०० मिमीची मॅक्रो बरी, कारण लेन्स आणि हिरा यांच्यात दिवे मांडायला जागा उरते.

फोकसबद्दल थोडे. २०१३ च्या कॅनन ७०डी पासून काही कॅमेऱ्यांत व्हिडिओ चालू असतानाही खात्रीने फोकस धरण्याची सोय आली. ती हवी असेल तर एसटीएम किंवा नॅनो यूएसएम अशी मोटर असलेली लेन्स घ्यावी, कारण जुन्या मोटरींची घरघर कॅमेऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरते. निकॉनमध्ये एएफ-पी लेन्स असे शांत काम करतात, पण जुन्या काही निकॉन कॅमेऱ्यांवर त्यांचा स्वयंचलित फोकस चालत नाही; खरेदीआधी मेळ तपासावा. हाताने फोकस फिरवणाऱ्यांना मात्र एसटीएमची कडी आवडत नाही. ती विजेवर चालते आणि वेगाने फिरवली तर वेगळे, सावकाश फिरवली तर वेगळे अंतर कापते. त्यांच्यासाठी जुन्या निकॉनच्या हाताने चालणाऱ्या लेन्स उत्तम. साध्या जोडकडीने त्या कॅननवर बसतात. कॅननच्या लेन्स निकॉनवर तशा बसत नाहीत, कारण निकॉनमध्ये लेन्स आणि सेन्सर यांतील अंतर ४६.५ मिमी आहे, कॅननमध्ये ४४. छिद्राची कडी लेन्सवरच असल्याने आणखी एक अडचण टळते. निकॉनच्या काही सुरुवातीच्या डीएसएलआरमध्ये चित्रीकरण चालू असताना कॅमेऱ्याच्या बटणाने छिद्र बदलत नाही.

दोन गोष्टी दुकानात उभ्या उभ्या तपासता येतात. फोकस जवळून दूर नेताना चौकट आत-बाहेर श्वास घेतल्यासारखी हलते का, आणि लांब टोकाला फोकस धरून झूम मागे आणले तर तो टिकतो का. छायाचित्रणाच्या बहुतेक झूम लेन्समध्ये तो सुटतो. प्रतिमा स्थिर राखणारी यंत्रणा हातात कॅमेरा धरून काम करणाऱ्याला हवीच, कारण कॅनन आणि निकॉनच्या डीएसएलआर कॅमेऱ्यांत ती सेन्सरला जोडलेली नसते, लेन्समध्येच असते. तिपाईवरच काम असेल तर तिच्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

रंगाविषयी एक सूचना, जी साडीच्या धंद्यात पैशांइतकी महत्त्वाची आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या लेन्सची काच आणि लेप रंगाला किंचित उष्ण किंवा थंड झाक देतात. दुरून घेतलेली राणी रंगाची साडी जवळून डाळिंबी दिसायला नको असेल, तर दोन्ही लेन्स एकाच कंपनीच्या असाव्यात आणि लेन्स बदलली की करड्या पट्टीवर व्हाइट बॅलन्स पुन्हा लावावा.

कॅनन आणि निकॉन दोघांचेही लक्ष आता मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळले आहे. कॅननचा १डी एक्स मार्क ३ आणि निकॉनचा डी६ हे त्यांचे अखेरचे मोठे डीएसएलआर २०२० मधील. परिणामी जुन्या लेन्स बाजारात भरपूर आहेत आणि जोडकडी लावून त्या नव्या कॅमेऱ्यांवरही चालतात. निकॉनच्या, स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या लेन्सचा स्वयंचलित फोकस निकॉनच्या स्वतःच्या जोडकडीवर चालत नाही, एवढे लक्षात ठेवावे. आज पैसे घालायचे तर ते कॅमेऱ्यात नव्हे, लेन्समध्ये घालणे शहाणपणाचे.

जुनी लेन्स घेताना टॉर्च सोबत न्यावा. लेन्सचे छिद्र पूर्ण उघडून एका बाजूने प्रकाश टाकावा आणि दुसरीकडून तिरपे पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे; लेन्स खाली ठेवावी. थोड्या धुळीने काही बिघडत नाही. सुरतेत तापीकाठची दमट हवा, गोव्यात चार महिन्यांचा पाऊस, दोन्हीकडे बुरशी ठरलेली. चामड्याच्या पिशवीत कपाटात बंद ठेवलेली लेन्स सर्वांत लवकर खराब होते. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे छोटे घड्याळ ठेवावे, आकडा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान राखावा आणि जेल ओलसर झाले की वाळवून पुन्हा ठेवावे.